समूहकला आणि स्थलांतराचे वेळापत्रक : आटगाव परिसरातील वंचित युवकांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

मध्य रेल्वेच्या कल्याण-कसारा मार्गावर आसनगाव सोडले की आटगाव लागते. १८९२ मध्ये पूर्ण झालेल्या तानसा धरणाकडे जाण्यासाठी हेच जवळचे स्थानक. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरवणारी दोन धरणे शहापूर तालुक्यात आहेत आणि त्याच तालुक्यातील अनेक पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. शहापूर तालुका संपूर्णपणे आणि शेजारचा मुरबाड तालुका अंशतः अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला तेव्हा आदिवासीबहुल तालुक्यांपैकी बहुतेक तिकडे गेले. शहापूर व मुरबाड मात्र ठाणे जिल्ह्यातच राहिले. परिणामी एकीकडे राज्यातील अत्यंत नागरीकरण झालेली शहरे आणि दुसरीकडे ठाकूर, महादेव कोळी, वारली व कातकरी यांचे विखुरलेले पाडे, असे विषम चित्र एकाच जिल्ह्यात नांदते.

या पाड्यांवरील तरुणांसाठी कलेचा उपयोग करावा, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. नाटक, गाणे, नृत्य, चित्र यांच्या माध्यमातून मुलांचा आत्मविश्वास वाढतो, ती बोलती होतात, शाळेत टिकतात, क्वचित त्यातून उपजीविकाही साधते, असे स्वयंसेवी संस्था, शासकीय विभाग आणि महाविद्यालये सांगत असतात. पाश्चात्त्य देशांत १९६० नंतर अशा उपक्रमांची मोठी चळवळ उभी राहिली. मराठीत तिला सर्वमान्य नाव नाही. प्रस्तुत लेखात 'समूहकला' हा शब्द वापरला आहे. वस्तीतील लोकांनी, विशेषतः तरुणांनी, एकत्र येऊन स्वतः घडवलेली आणि प्रशिक्षित कलावंत जिच्यात गुरूपेक्षा सोबती अधिक असतो, अशी कला एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

या कल्पनेला सहसा कोणी विरोध करीत नाही, आणि त्यामुळेच ती फारशी तपासलीही जात नाही. मुले रंगमंचावर आली, टाळ्या पडल्या, छायाचित्रे निघाली की उपक्रम यशस्वी ठरतो. परंतु पंधरा-सोळा वर्षांच्या कातकरी मुलाच्या पुढील आयुष्यात त्यामुळे नेमके काय बदलते, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. वारली चित्रकला, 'वंचितांचा रंगमंच' आणि 'गोष्टरंग' या तीन परिचित उदाहरणांच्या आधारे त्याची चिकित्सा करता येते. समूहकलेचा लाभ कलाकृतीच्या दर्जापेक्षा तीन निर्णय कोणाच्या हाती आहेत यावर अधिक अवलंबून असतो, असे या उदाहरणांवरून दिसते. हे निर्णय म्हणजे विषय कोणता, भाषा कोणती आणि वेळ कोणती. पहिल्या दोहोंची चर्चा मराठीत थोडीफार झाली आहे. तिसऱ्याकडे जवळजवळ दुर्लक्ष झाले आहे आणि आटगाव परिसरात तोच कळीचा आहे.

प्रचाराची परंपरा

महाराष्ट्रात कलेचा सामाजिक उपयोग करण्याची परंपरा मोठी आहे. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक ही नावे सर्वश्रुत आहेत. १९९० च्या सुमारास साक्षरता अभियानाच्या निमित्ताने निघालेल्या कलाजथ्यांनी हीच परंपरा शासकीय आधाराने खेडोपाडी नेली. या सर्व प्रयत्नांचे ऐतिहासिक मोल निर्विवाद आहे. मात्र जलसाकारांची आणि कलापथकांची जाणीव त्यांच्या स्वतःच्या जगण्यातून आलेली होती. जथ्यातील तरुणाच्या हाती संहिता तयार होऊन येत असे. गाणे त्याच्या गळ्यातले, आशय अभियानाचा. पुढे व्यसनमुक्ती, ग्रामस्वच्छता, कुटुंबकल्याण अशा विषयांवरील पथनाट्ये आली. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आजही सादर होणारी पथनाट्ये बहुतांशी याच घाटाची असतात.

या पथनाट्यांचे विषय ओळीने मांडून पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. दारू, अस्वच्छता, बालविवाह, अंधश्रद्धा, शिक्षणाविषयीची अनास्था हे सारे विषय गरिबाच्या सवयींविषयीचे आहेत. वीटभट्टीमालकाकडून घेतलेली उचल, हंगामाअखेर होणारा हिशेब, रखडलेला वनहक्काचा दावा, कंत्राटी कामगाराची मजुरी यांवर पथनाट्य क्वचितच होते. दारूचा प्रश्न खरा आहे आणि पाड्यावरच्या स्त्रियांनीच त्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तरीही ज्या तरुणाला वर्षानुवर्षे केवळ अशाच नाटिका पाहायला आणि करायला मिळतात, त्याच्या मनावर आपले दारिद्र्य आपल्याच दोषांतून आले आहे, हा संस्कार होत जातो. आत्मविश्वास वाढवण्यासाठी योजलेला कार्यक्रम अशा वेळी नेमका उलट परिणाम करतो.

वारली चित्रकलेचा अनुभव

आदिवासी कलेतून उपजीविका कशी साधते याचे उत्तर म्हणून वारली चित्रकलेचा दाखला नेहमी दिला जातो. तो सविस्तर पाहण्याजोगा आहे, कारण त्यात यश आणि त्या यशाची किंमत दोन्ही दिसतात.

वारली समाजात लग्नप्रसंगी घराच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जाई. तो लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा आणि त्या वेळी गायचा अधिकार धवलेरीचा. चौकात पालघट देवी असते. तिच्याशिवाय लग्न लागत नाही. चित्र विधीसाठी काढले जाई आणि विधी संपला की त्याचे कामही संपे. १९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी डहाणू परिसरात जाऊन या चित्रकारांना कागद व रंग पुरवले आणि चित्र भिंतीवरून कागदावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी विधीच्या चौकटीबाहेर पडून रोजच्या जीवनाची, गोष्टींची, मासेमारीच्या जाळ्यांची चित्रे काढली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये पॅरिसमधील एका गाजलेल्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता, २०११ मध्ये पद्मश्री आणि २०१८ मध्ये निधन. एका वारली माणसाने आपल्या अंगभूत प्रतिभेच्या बळावर मिळवलेले हे स्थान असाधारण आहे. त्यांच्यामागून अनेक तरुण वारली चित्रकार झाले, त्यांची घरे त्यावर चालली. २०१४ मध्ये या चित्रकलेला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. त्यासाठीचा अर्ज आदिवासी युवा सेवा संघ या आदिवासी तरुणांच्याच संघटनेने केला होता, ही बाब विशेष महत्त्वाची.

परंतु हाच इतिहास दुसऱ्या बाजूने वाचला तर काय दिसते? जी कला स्त्रियांची होती ती बाजारात येताच प्रामुख्याने पुरुषांच्या नावे ओळखली जाऊ लागली. बाहेरगावी जाणे, प्रदर्शनात बसणे, व्यापाऱ्याशी बोलणे ही कामे पुरुषांना शक्य होती. आता अनेक स्त्रिया व मुली चित्रे काढतात आणि विकतात. पण सुरुवातीच्या दशकांतील संधीचे वाटप कसे झाले, हे विसरता येत नाही. दुसरे असे की चित्राची शैली सोपी दिसते म्हणून ती कोणीही उचलली. मुंबई-नाशिक महामार्गावरील उपाहारगृहांच्या भिंतींवर, शासकीय इमारतींच्या कुंपणांवर, साड्यांवर आणि पेल्यांवर त्रिकोणी अंगांच्या आकृती फेर धरून नाचताना दिसतात. त्यांतील किती आकृतींचा मोबदला वारली हातांना मिळाला, हा प्रश्न निर्देशांकाने सुटलेला नाही. भौगोलिक निर्देशांक नावाचे संरक्षण करतो. नक्कल पकडून न्यायालयात जाण्याचे बळ मात्र उत्पादकालाच उभे करावे लागते.

शहापूर-मुरबाडकडे वळल्यावर आणखी एक अडचण पुढे येते. येथे 'आदिवासी कला' या एकाच नावाखाली ठाकूर, कोळी व कातकरी मुलांनाही वारली चित्र शिकवले जाते. कार्यशाळा भरते, मुले तन्मयतेने चित्रे काढतात, आयोजकांनाही मुलांना त्यांची स्वतःची कला परत दिल्याचे समाधान मिळते. प्रत्यक्षात ती त्यांच्या शेजाऱ्याची कला असते. ल. ना. चापेकर यांनी १९६० मध्ये सह्याद्रीतील ठाकुरांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्याआधी १९४५ मध्ये के. जे. सावे यांनी वारल्यांवर. म्हणजे या दोन जमातींचे वेगळेपण अभ्यासकांना किमान सहा दशके ज्ञात आहे. मुलांना दुसऱ्या जमातीची कला शिकवू नये, असा याचा अर्थ नव्हे. पण ठाकुरांचा कांबडनाच, त्यांची गाणी किंवा कातकऱ्यांच्या कथा यांची दखल न घेता बाजारात चालणारे एकच चित्र सर्वांच्या हाती देणे म्हणजे विषयाचा निर्णय बाजारावर सोपवणे होय.

वर्तुळ आणि रांग

अशीच एक गोष्ट नृत्याबाबत घडते. तारपा हे दुधी भोपळा, बांबू व ताडाची पाने यांपासून बनवलेले वाद्य. तारपकरी मध्ये, त्याच्याभोवती स्त्री-पुरुषांचा फेर. तो सूर बदलतो तसा फेराचा पदन्यास बदलतो. नाचणाऱ्यांचे लक्ष त्याच्याकडे. या नाचाला समोरची बाजू नाही, म्हणून प्रेक्षकही नाही; जो बघत उभा आहे तो थोड्या वेळाने हात धरून आत शिरतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा पाहुण्यांच्या स्वागतासाठी हाच नाच बसवला जातो तेव्हा वर्तुळ उलगडून त्याची रांग होते. रांगेची तोंडे प्रमुख पाहुण्यांकडे. तारप्याच्या जागी ध्वनिमुद्रित गाणे. वेशभूषेत पाने, पिसे, चेहऱ्यावर रंगांचे पट्टे, जे पाड्यावर कोणी कधी लावत नाही. आश्रमशाळेतील आदिवासी मुलगी अशा वेळी रंगमंचावर 'आदिवासी' नावाचे एक पात्र करीत असते. राज्यातील सुमारे पाचशे शासकीय आश्रमशाळांपैकी पुष्कळांत हौसेने होणाऱ्या या कार्यक्रमांमागे वाईट हेतू नसतो. तेथील शिक्षकाला कलेचे प्रशिक्षण नसते, सरावाला आठवडाही मिळत नाही आणि पाहुण्यांना काहीतरी 'पारंपरिक' दाखवायचे असते. पण मुलांना त्यातून मिळणारा धडा हाच की आपली कला ही पाहुण्यांना दाखवण्याची वस्तू आहे.

रंगभूमीची दोन प्रारूपे

ठाणे शहरात २०१४ मध्ये ज्येष्ठ नाटककार रत्नाकर मतकरी यांनी समता विचार प्रसारक संस्थेच्या साहाय्याने 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम सुरू केला. १९६२ पासून बालनाट्य चळवळ चालवणारे आणि 'लोककथा ७८' सारखे नाटक लिहिणारे मतकरी उत्तरायुष्यात या कामाकडे वळले, हे त्यांच्या एकंदर वाटचालीशी सुसंगतच होते. वंचितांविषयीची नाटके मराठीत पुष्कळ आहेत, वंचितांनी स्वतः केलेली थोडी, हे त्यामागचे गृहीतक. निरनिराळ्या वस्त्यांतील मुलांनी एकत्र येऊन आपल्या अनुभवांतून नाटिका रचाव्यात, त्या स्वतः बसवाव्यात आणि 'नाट्यजल्लोष' या नावाने शहराच्या रंगमंचावर सादर कराव्यात, असा त्याचा घाट. रंगकर्मींनी मार्गदर्शन करायचे, पण शब्द मुलांचे. मतकरी यांचे १७ मे २०२० रोजी निधन झाले, त्यानंतरही हा उपक्रम चालू राहिला.

या प्रारूपाची ताकद लेखनात आहे. नाटिका रचण्यासाठी मुलांना घरातले भांडण, नळावरची रांग, शाळेतला अपमान यांतून काय निवडायचे आणि कोणाच्या तोंडी काय घालायचे हे ठरवावे लागते. निवड करण्याची ही सवयच पुढे अर्ज लिहिताना, मुलाखत देताना, ग्रामसभेत किंवा प्रभागसभेत उभे राहताना कामी येते. ब्राझीलचे नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या शोषितांच्या रंगभूमीतही प्रेक्षकाने उठून प्रसंग बदलायचा असतो. पश्चिम बंगालमधील जन संस्कृती या संस्थेने १९८० च्या दशकापासून ती पद्धत ग्रामीण भागात रुजवली. मतकरींचा उपक्रम या परंपरेतून थेट आलेला नाही, तो मराठी बालनाट्याच्या अंगाने आला. तरी निर्णय मुलांकडे देण्याच्या बाबतीत दोन्ही एकाच ठिकाणी पोहोचतात.

दुसरे उदाहरण पालघर जिल्ह्यातील. वाडा तालुक्यातील सोनाळे येथून काम करणाऱ्या आणि २००७ मध्ये स्थापन झालेल्या 'क्वेस्ट' या संस्थेचा 'गोष्टरंग' हा उपक्रम वेगळ्या वाटेने जातो. नाट्यकर्मी पाठ्यवृत्तीवर येऊन या भागात राहतात, मुलांच्या पुस्तकांतील गोष्टी नाट्यरूपाने आश्रमशाळा व जिल्हा परिषदेच्या शाळांतून सादर करतात आणि त्यानंतर त्याच गोष्टींवर भाषेचे उपक्रम घेतात. गोष्ट पाहिलेले मूल पुस्तक उघडते तेव्हा त्याला पुढे काय होणार ते ठाऊक असते. वाचन त्याला परके वाटत नाही. येथे नाटक करणारे बाहेरचे असतात आणि मुले आधी प्रेक्षक असतात, म्हणून काटेकोरपणे पाहता याला समूहकला म्हणता येईल का, असा आक्षेप घेता येईल. पण या उपक्रमाने आपले उद्दिष्ट वाचन आणि भाषा एवढेच मर्यादित ठेवले आहे आणि तो तेवढ्यासाठीच उत्तरदायी राहतो. समूहकलेच्या क्षेत्रात ही गोष्ट दुर्मीळ आहे. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९५७ पासून केलेल्या कामाचा, म्हणजे शाळाच मुलाच्या परिसरापर्यंत नेण्याच्या विचाराचा, हा एक वारस मानता येईल.

आटगाव परिसरातील सोळा ते वीस वर्षांच्या तरुणाला मात्र यांपैकी कोणतेच प्रारूप जसेच्या तसे लागू पडत नाही. 'गोष्टरंग' त्याच्या धाकट्या भावंडांसाठी आहे. 'वंचितांचा रंगमंच' शहरी वस्तीच्या घडणीवर उभा आहे: मुले बारमाही एका जागी राहतात, वस्त्या जवळजवळ असतात, संध्याकाळी तालमीला जमता येते, नाट्यगृह बसच्या अंतरावर असते. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही. संध्याकाळी पाच-सहा किलोमीटर चालून तालमीला येणे मुलाला कदाचित जमेल. पंधरा वर्षांच्या मुलीला घरून परवानगी मिळणार नाही. तालमीची जागा पाड्याबाहेर ठरताच मुली आपोआप वगळल्या जातात, आणि हे वगळणे कोणी ठरवून केलेले नसल्याने अहवालातही येत नाही.

भाषेचा प्रश्न

कातकरी घरात कातकरी बोलतो, वारली वारली, ठाकूर ठाकरी. शाळेत तिघांनाही प्रमाण मराठी. मुलगा पहिल्यांदा रंगमंचावर उभा राहतो तेव्हा कोणत्या भाषेत बोलतो, यावर त्याला मिळणारा आत्मविश्वास अवलंबून असतो. मराठी रंगभूमीवर ग्रामीण व आदिवासी बोलींचा वापर दीर्घकाळ हशा पिकवण्यासाठी झाला आहे. नोकर, गडी, अडाणी पाहुणा ही पात्रे बोलीत बोलतात आणि नायक प्रमाण भाषेत. ही सवय शालेय नाटिकांतही उतरली आहे. शेटजी शुद्ध बोलतो, मजूर बोलीत. म्हणजे नाटक मजुराची बाजू घेते तेव्हाही कान शेटजीच्या बाजूने असतात. मुलांनी आपल्या बोलीतच गंभीर बोलावे, वाद घालावा, न्याय मागावा, असे प्रसंग रचणे अवघड नाही. पण मार्गदर्शकाला ती बोली किमान समजली पाहिजे, आणि पाच दिवसांच्या कार्यशाळेत ते होत नाही.

हंगामाचे गणित

आता मूळ मुद्द्याकडे. कातकरी ही महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित गटांत गणली गेलेली तीन जमातींपैकी एक. इतर दोन कोलाम व माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात काढण्याचा त्यांचा परंपरागत व्यवसाय वनकायद्यांनी संपवला. त्यानंतर कोळसाभट्टी आणि वीटभट्टी हेच आधार राहिले. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात धान्य नसते, तेव्हा मालकाकडून उचल घेतली जाते. दिवाळी झाली की कुटुंब भिवंडी, कल्याण, पनवेल किंवा जवळच्याच भट्टीवर जाते. कच्च्या विटांच्या आडोशाचा भोंगा बांधून राहते आणि पावसाच्या तोंडावर परतते. हंगामात आठवड्याला खर्ची मिळते, बाकीचे उचलीत वळते होते आणि हिशेब अखेरीस. वेठबिगारीविरोधी कायदा १९७६ चा; पण उचल फिटली नाही म्हणून पुढच्या हंगामात त्याच मालकाकडे जावे लागणाऱ्या कुटुंबांना त्याचे संरक्षण क्वचितच मिळते. वसईजवळच्या उसगाव येथील विधायक संसद या संस्थेने १९९० च्या दशकात भट्ट्यांवरच भोंगाशाळा भरवल्या, त्या या वास्तवाचा स्वीकार करूनच. पुढे शासनाने हंगामी वसतिगृहे व शिक्षण हमी पत्रक यांसारखे उपाय योजले.

या वेळापत्रकाशेजारी कला-उपक्रमांचे वेळापत्रक ठेवून पाहावे. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे निवासी शिबिर बहुधा डिसेंबर-जानेवारीत. शाळांची स्नेहसंमेलने त्याच सुमारास. संस्थांच्या कार्यशाळा हिवाळ्यात, कारण तेव्हा हवा चांगली असते आणि पाड्यापर्यंत गाडी जाते. मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रा पौष पौर्णिमेला भरते; गुरांच्या बाजारासाठी आणि तमाशाच्या फडांसाठी प्रसिद्ध असलेल्या या यात्रेत या परिसरातील तरुणांनी आपले नाटक आपल्याच माणसांपुढे करावे, ही कल्पना मोहक आहे; तीही जानेवारीतच येते. म्हणजे वंचितांसाठी असलेला प्रत्येक उपक्रम नेमका अशा काळात होतो, जेव्हा सर्वांत वंचित मुले गावात नसतात. उपक्रमाला येतात ती ज्यांच्या घरी थोडी शेती आहे, ज्यांचे पालक स्थलांतर करीत नाहीत, ज्यांचे नाव हजेरीपटावर आहे आणि देहही शाळेत आहे, अशी मुले. त्यांनाही कलेची गरज आहेच. पण त्यांच्या प्रगतीचे श्रेय कातकऱ्यांच्या नावे मांडणे योग्य नव्हे.

परदेशातील एक अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. व्हेनेझुएलात होसे आंतोनियो आब्रेउ यांनी १९७५ मध्ये सुरू केलेली 'एल सिस्टेमा' ही वाद्यवृंद-चळवळ गरीब मुलांना संगीतातून वर काढते, अशी तिची जगभर ख्याती होती. २०१४ मध्ये जेफ्री बेकर यांनी तिच्यातील शिस्त व अधिकारशाहीवर कठोर टीका केली. त्याहून बोलका पुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रायोगिक अभ्यासात मिळाला. सहभागी मुलांतील दारिद्र्याचे प्रमाण १६.७ टक्के होते, तर ती मुले ज्या राज्यांत राहत होती तेथील प्रमाण ४६.५ टक्के. दारे सर्वांना उघडी असूनही गरिबातील गरीब बाहेरच राहिले होते. ब्रिटनमध्ये फ्रांस्वा मातारासो यांनी १९९७ मध्ये कलासहभागाच्या सामाजिक परिणामांवर अहवाल लिहिला. पाओला मेर्ली यांनी २००२ मध्ये त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. सहभागी व्यक्तीला 'तुम्हाला बरे वाटले का' असे विचारून परिणाम सिद्ध होत नाही, हा त्या आक्षेपांचा गाभा. आपल्याकडील अहवालांना तो अधिकच लागू पडतो, कारण त्यांत बहुधा तेवढेही विचारलेले नसते.

कातकरी तरुण गावात असतो तो ज्येष्ठ ते आश्विन. त्यांतील आषाढात आवणीची मजुरी मिळते, म्हणून तो मोकळा नसतो. श्रावणानंतर भात पोटरीला येईपर्यंत आणि पुढे कापणीपर्यंतचा जो काळ, तोच काय तो हाती राहतो. आणि येथे एक लक्षणीय योग दिसतो. गौरीचा नाच भाद्रपदातला. तारपाही पावसाळ्याच्या उत्तरार्धात, नवे भात येण्याच्या सुमारास घुमू लागतो. समूहाने आपल्या कलेचा काळ आपल्या श्रमाच्या गणितावरूनच ठरवला होता. जेव्हा माणसे घरी असतात आणि हात थोडे मोकळे असतात तेव्हा नाच. आधुनिक समूहकलेने मात्र आपला काळ विद्यापीठाच्या सत्रांवरून, अनुदानाच्या आर्थिक वर्षावरून आणि रस्त्याच्या चिखलावरून ठरवला आहे.

यावर दोन मार्ग संभवतात. एक, भाद्रपद-आश्विनात पाड्यावरच तालमी घेणे. या काळात रस्ते खराब असतात, महाविद्यालयांत सत्रपरीक्षा जवळ आलेल्या असतात आणि घरात अन्नाची टंचाई असते. तालमीला येणाऱ्याला एका वेळचे जेवण द्यावे लागेल, हा खर्च अंदाजपत्रकात 'कला' या शीर्षाखाली बसत नाही. शिवाय हाच उचल घेण्याचा काळ. अशा वेळी मुलांनी उचलीवर नाटिका केली तर ती पाहणाऱ्यांत मुकादमही असेल. हा धोका कुटुंबाने पत्करायचा की नाही, हे बाहेरच्या मार्गदर्शकाला ठरवता येणार नाही. दुसरा मार्ग भोंगाशाळेचा, म्हणजे भट्टीवर जाण्याचा. तेथे मालकाची परवानगी लागते, आणि विटा पाडण्याचे काम पहाटेच्या अंधारात सुरू होत असल्याने रात्री कोणी जागू शकत नाही. चित्र, गोष्ट, बाहुल्या अशा लहान मुलांच्या गोष्टी तेथे शक्य आहेत. तरुणांचे नाटक जवळजवळ अशक्य. तेव्हा पहिल्या मार्गाच्या अडचणी सोसणे अधिक श्रेयस्कर वाटते.

महाविद्यालयांची भूमिका

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार क्षेत्रप्रकल्प आणि सामुदायिक सहभाग यांना श्रेयांक देण्यास सुरुवात झाली आहे. याचा अर्थ, पूर्वी राष्ट्रीय सेवा योजनेचे पन्नास-शंभर स्वयंसेवक पाड्यावर जात, आता वर्गच्या वर्ग जातील. पथनाट्य हा त्यांतला सर्वांत सोपा प्रकल्प ठरणार हे उघड आहे. विद्यार्थी स्वतः संहिता लिहितील, सादर करतील, छायाचित्रे अहवालाला जोडतील आणि श्रेयांक मिळवतील. पाड्यावरचा तरुण पुन्हा एकदा प्रेक्षक होईल. हेच श्रेयांक उलट दिशेने वापरता येतील का, याचा विचार अभ्यासमंडळांनी करावा. शहापूर व मुरबाडच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या आदिवासी विद्यार्थ्यांना बोली येते, पाडा ठाऊक असतो, मुकादमही ओळखीचा असतो. मार्गदर्शकाची भूमिका त्यांना द्यावी आणि शहरी विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली काम करावे. संहिता पाड्यावरच्या मुलांची असावी. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत आणि राज्याचे नियम २०१४ मध्ये आले. तयार झालेली नाटिका प्रमुख पाहुण्यांऐवजी ग्रामसभेपुढे करता येईल, जेथे नाटकातला प्रश्न लगेच ठरावात लिहिला जाऊ शकतो.

उपक्रमाच्या मूल्यमापनासाठी फार मोठी साधने लागत नाहीत. किती मुले सहभागी झाली याबरोबर त्या पाड्यावरील त्या वयाची किती मुले सहभागी होऊ शकली नाहीत आणि ती त्या दिवशी कोठे होती, एवढे दोन रकाने अहवालात वाढवले तरी चित्र स्पष्ट होईल. मुलींची नोंद वेगळी असावी. ही माहिती गोळा करण्यासाठी नवे सर्वेक्षणही नको. जिल्हा परिषदेच्या शाळेचा हजेरीपट, शिक्षण हमी पत्रकांची नोंद आणि अंगणवाडीसेविकेची कुटुंबयादी या तिन्हींत ती विखुरलेली आहे. पुढील शिबिराची तारीख निश्चित करण्यापूर्वी कार्यक्रमाधिकाऱ्याने ही तीन कागदपत्रे एकत्र ठेवून पाहण्यास एक दुपार पुरेशी आहे.